आकाशातली रांग कोणी लावायची?

श्रोतेहो, मागच्या व्याख्यानानंतर एका तरुणाने आम्हाला दारातच गाठलं. म्हणाला, "सर, विमान कंपन्या खासगी, विमानतळ खासगी, मग विमानांना वाट दाखवणारा माणूस तेवढा सरकारी का?" प्रश्न चांगला आहे. पण त्याचं उत्तर देण्याआधी हा माणूस सरकारी झाला कधी, ते आपण बघू.

कारण सुरुवातीला तो सरकारी नव्हताच. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेत न्यूअर्क येथे हवाई मार्गांवरच्या विमानांचे नियंत्रण करणारे पहिले केंद्र सुरू झाले. सरकारच्या हाती पैसा नव्हता, म्हणून विमान कंपन्यांनीच ते चालवायला घेतले. एक फळा, एक नकाशा आणि नकाशावर हाताने पुढे सरकवायच्या छोट्या खुणा, एवढंच साहित्य. वैमानिकाशी थेट बोलायची सोय नाही. निरोप कंपनीच्या माणसामार्फत जायचा. जुलै १९३६ मध्ये, म्हणजे सातच महिन्यांत, हे काम सरकारने आपल्याकडे घेतले. यात हिसकावून घेण्यासारखं काही नव्हतं, तसंच ठरलेलं होतं. आणि ते साहजिकच आहे. एका कंपनीने दुसरीच्या विमानाला सांगायचं, "तू वर घिरट्या घाल, आधी माझं उतरू दे." दुसरीने ते का ऐकावं? रांग लावणारा स्वतः रांगेतला असला की रांग मोडलीच म्हणून समजा.

पुढे ३० जून १९५६ रोजी ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने एकमेकांवर आदळून १२८ माणसे गेली. त्या भागात नियंत्रण पोहोचलेलंच नव्हतं. वैमानिकांनी डोळ्यांनी बघून एकमेकांना टाळायचं, अशी रीत होती. दोन वर्षांत नवा कायदा झाला आणि आज ज्याला आपण 'एफएए' म्हणतो ती यंत्रणा उभी राहिली.

इथवर गोष्ट सरकारच्या बाजूची वाटते. पण सरकार हा काही आदर्श मालक नव्हे. ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेतले सुमारे तेरा हजार नियंत्रक संपावर गेले. रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ती संपल्यावर अकरा हजारांहून अधिक लोकांना बडतर्फ केलं. यातली गंमत बघा. सरकारचा पसारा कमी करा, असं सांगत निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने या लोकांना काढलं ते कशाच्या आधारावर? तुम्ही सरकारी नोकर आहात आणि संप न करण्याची शपथ घेतली आहे, या आधारावर! पुढे २०१८-१९ च्या हिवाळ्यात अंदाजपत्रकाच्या भांडणात ३५ दिवस सरकारचा कारभार अडला. नियंत्रक पगाराविना कामावर येत राहिले. २५ जानेवारीला काही केंद्रांवर माणसं कमी पडली, न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळाकडे येणारी विमाने काही काळ रोखावी लागली, आणि त्याच दिवशी तडजोड झाली. ज्याच्या हाती आपला जीव, त्याचा महिन्याचा पगार राजकारण्यांच्या रुसव्याफुगव्यांवर अवलंबून! खासगीकरणवाल्यांचा हा मुद्दा खोटा म्हणता येत नाही.

मग कॅनडाने काय केलं? १ नोव्हेंबर १९९६ रोजी त्यांनी ही सगळी यंत्रणा 'नॅव्ह कॅनडा' नावाच्या संस्थेला दीड अब्ज कॅनडियन डॉलरला विकली. पण या संस्थेला भागधारकच नाहीत. नफा काढून न्यायला कोणी नाही. संचालक मंडळात विमान कंपन्या, सरकार आणि कामगार संघटना यांनी नेमलेली माणसं बसतात. खर्च भागतो तो विमान कंपन्यांकडून घेतलेल्या शुल्कातून. याला खासगी म्हणायचं की सहकारी, हे तुम्हीच ठरवा. आपल्याला सहकार नवा नाही.

ब्रिटनची गोष्ट वेगळी. १९९६ मध्ये मजूर पक्ष विरोधात होता. आमचं आकाश विक्रीला नाही, असं त्यांच्या नेत्याने अधिवेशनात ठणकावून सांगितलं. सत्ता मिळाली, आणि २००१ च्या जुलैत त्याच पक्षाच्या सरकारने 'नॅट्स' या कंपनीचा ४६ टक्के हिस्सा सात विमान कंपन्यांच्या गटाला दिला. पाच टक्के कर्मचाऱ्यांना, उरलेले ४९ सरकारकडे. सरकारला साडेसातशे दशलक्ष पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. आता मेख अशी, की त्यातली बरीचशी रक्कम बँकांकडून उचललेली होती आणि ते कर्ज खुद्द नॅट्सच्याच अंगावर पडलं. म्हणजे घर विकायचं आणि घर घेण्याचं कर्ज घराच्याच नावावर टाकायचं!

दोन महिन्यांत ११ सप्टेंबर उजाडला. अटलांटिकवरची विमाने कमी झाली, नॅट्सचं उत्पन्न घटलं, हप्ते मात्र तेवढेच. २००३ मध्ये सरकारला ६५ दशलक्ष पौंड घालावे लागले. तेवढेच लंडनच्या विमानतळांच्या कंपनीने घातले. कॅनडालाही तोच फटका बसला होता. तिथे शुल्क वाढवलं, खर्च कापला आणि संस्था तगली. २०२० मध्ये महामारीत मात्र त्याच कॅनडात शुल्क एकदम २९.५ टक्क्यांनी वाढवावं लागलं आणि शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. विमाने कमी झाली की शुल्क वाढवायचं, आणि तेही विमान कंपन्या स्वतःच मोडकळीला आलेल्या असताना. ही व्यवस्था चांगल्या दिवसांत उत्तम चालते, एवढं खरं.

आतापर्यंत आपण पैशाचं बोललो. आम्ही तत्त्वज्ञानवाले, आम्हाला खरा प्रश्न दिसतो तो पुढे. आपल्या भाषेत कर्ता आणि करविता असे दोन शब्द आहेत. काम करणारा बदलला म्हणून करवून घेणारा सुटतो का?

१ जुलै २००२ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास दक्षिण जर्मनीत यूबरलिंगेनजवळ एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान यांची टक्कर झाली. ७१ जण गेले. त्यांतली बहुतेक उफा शहरातली शाळकरी मुलं होती, स्पेनला सुट्टीला निघालेली. आकाश जर्मनीचं, पण त्या पट्ट्याचं नियंत्रण झुरिकहून स्कायगाइड ही स्विस कंपनी करत होती. कंपनी तशी सरकारी मालकीचीच. त्या रात्री एकच नियंत्रक दोन पडद्यांपुढे बसलेला, सहकारी विश्रांतीला गेलेला. वरिष्ठांना ही प्रथा ठाऊक होती. मुख्य टेलिफोन दुरुस्तीसाठी बंद. जर्मनीत कार्ल्सरूहेच्या नियंत्रकांना पडद्यावर धोका दिसत होता, ते फोन लावत राहिले आणि तो लागला नाही. पुढे स्विस न्यायालयाने स्कायगाइडच्या चार कर्मचाऱ्यांना दोषी ठरवलं.

पण २००६ मध्ये कॉन्स्टन्झच्या जर्मन न्यायालयाने दिलेला निकाल अधिक महत्त्वाचा. न्यायालय म्हणालं, आकाशाचं नियंत्रण हे सार्वभौम सत्तेचं काम आहे. ते दुसऱ्या देशाच्या कंपनीकडे सोपवणारा वैध करारच झालेला नाही. म्हणून जबाबदार जर्मन सरकार. वर्षानुवर्षं काम दुसराच करत होता आणि कोणाला कागद तपासावासा वाटला नव्हता. आपल्याकडे गावच्या जागल्याला चोरीचा माग शिवेपर्यंत काढावा लागे, आणि शीव कोणाची यावर भांडण होई. इथेही भांडण शिवेचंच होतं.

त्याच वर्षी जर्मन संसदेने आपल्या नियंत्रण कंपनीचा ७४.९ टक्के हिस्सा विकण्याचा कायदा मंजूर केला होता. राष्ट्राध्यक्ष होर्स्ट कोलर यांनी ऑक्टोबरमध्ये त्यावर सही करायला नकार दिला. हे काम संघराज्याच्या स्वतःच्या प्रशासनाचं आहे, असं राज्यघटनेचं कलम सांगतं. हिस्सा विकल्यावर सरकारचा पुरेसा ताबा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. विक्री बारगळली. आम्हाला कोलर यांचं म्हणणं पटतं, पण ब्रिटनमध्ये सुरक्षिततेची पातळी ढासळली असं काही दिसत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. आमचा आक्षेप तिथे कर्जाच्या रचनेला आहे.

आता आपल्याकडे. २००६ मध्ये दिल्ली आणि मुंबईचे विमानतळ खासगी कंपन्यांकडे गेले. हवाई नियंत्रण मात्र विमानतळ प्राधिकरणाकडेच राहिलं. म्हणजे मुंबईत धावपट्टी सांभाळणारा खासगी आणि त्या धावपट्टीवर उतरायला परवानगी देणारा सरकारी. पण सरकारी म्हणजे सुसज्ज, असं समजू नका. कॅनडातल्या त्या बदलानंतर अकराच दिवसांनी, १२ नोव्हेंबर १९९६ रोजी, हरियाणात चरखी दादरीवर दोन विमाने आदळून ३४९ जण गेले. कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली आलं, नियंत्रकाची सूचना बरोबर होती, असं चौकशीत निघालं. पण ते खाली आलंय हे नियंत्रकाला दिसणार कसं? विमानाची उंची पडद्यावर दाखवणारं रडार दिल्लीत तेव्हा वापरात नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना वाटही एकच होती. ही सगळी सुधारणा नंतर झाली.

हवाई नियंत्रणाचं वेगळं महामंडळ करावं, ही चर्चा आपल्याकडे बरीच वर्षं मधूनमधून डोकं वर काढते. त्या तरुणाला आम्ही एवढंच म्हणालो की मसुदा आला तर मालकीच्या टक्क्यांचं पान नंतर वाच. विमाने निम्मी झाली तर पगार कोण देणार आणि टक्कर झाली तर न्यायालयात कोण उभं राहणार, ती पानं आधी शोध. तो म्हणाला, "सर, आणि ती पानंच नसली तर?"

प्रश्न घ्यायला दहा मिनिटं आहेत. मागच्या रांगेतून सुरुवात करू.