बंधपत्र, बँक आणि खेड्यातला डॉक्टर

शासकीय दौऱ्यांच्या नोंदवह्या मी जपून ठेवल्या आहेत. त्यांतल्या एका वहीत मध्य भारतातील एका ग्रामीण रुग्णालयाविषयी दीड पानाचे टिपण आहे. त्या रुग्णालयात तेव्हा दोन तरुण डॉक्टर होते. पहिला शासकीय महाविद्यालयातून शिकलेला. फी नाममात्र, डोक्यावर कर्ज नाही, मात्र ग्रामीण सेवेचे बंधपत्र लिहून दिलेले. दुसरी बालरोगतज्ज्ञ, खासगी महाविद्यालयातून शिकलेली, त्याच जिल्ह्यातली, आपणहून कंत्राटी पदावर आलेली. तिच्यावर बंधपत्र नव्हते; पण वडिलांची शेती बँकेकडे तारण होती.

वर्षभराने पुन्हा त्या भागात जाण्याचा योग आला. दोघेही गेलेले होते. पहिल्याने बंधपत्राची रक्कम भरून स्वतःला मोकळे करून घेतले होते. दुसरीला राहायचे होते, परंतु कंत्राटी मानधनातून हप्ता भागत नव्हता. ती शहरातल्या एका खासगी रुग्णालयात रुजू झाली होती. "तिला थांबवण्यासाठी आमच्याकडे कोणते लेखाशीर्षच नाही हो, साहेब," असे तेथील लिपिकाने सांगितले. त्या वाक्यापाशी मी आजही अडखळतो. ज्याला जायचे होते त्याला अडवण्याची सोय आपण केली होती, आणि जिला राहायचे होते तिला राहता यावे याची सोय मात्र केली नव्हती. असे का झाले, याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

डॉक्टर खेड्यात राहत नाहीत ही तक्रार स्वातंत्र्यापूर्वीची आहे. 1920 च्या दशकात मद्रास प्रांताने तिच्यावर एक साधा तोडगा काढला. पात्र डॉक्टरने ठरवून दिलेल्या गावी स्थायिक व्हावे, गोरगरिबांवर मोफत उपचार करावेत, बाकी खासगी व्यवसाय खुशाल करावा. सरकार त्याला दरसाल अनुदान देईल. नोकरी नाही, सक्ती नाही, बदलीची कटकट नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही योजना आजही आधुनिक वाटेल. तिच्यासाठी माणसेही उपलब्ध होती, कारण त्या काळी देशात दोन प्रकारचे डॉक्टर तयार होत: महाविद्यालयांतून पदवीधर, आणि मेडिकल स्कुलांतून कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले लायसेन्शिएट. 'एल.सी.पी.एस.' ही अक्षरे असलेली पाटी जुन्या वाचकांना आठवत असेल. भोर समितीच्या 1946 च्या अहवालातील आकडे बोलके आहेत: एकूण 47,524 नोंदणीकृत डॉक्टरांपैकी 29,870 लायसेन्शिएट होते.

त्याच समितीने बहुमताने शिफारस केली की यापुढे देशात एकाच दर्जाचा, पूर्ण पदवीधर डॉक्टर घडावा. स्कुले बंद झाली किंवा त्यांची महाविद्यालये झाली, पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल 1946 साली महाविद्यालय झाले. खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का, हा समितीचा प्रश्न रास्तच होता. मात्र त्या निर्णयाची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. दीर्घ आणि खर्चिक शिक्षण घेतलेल्या माणसाला खेड्याकडे वळवायचे कसे, हा नवा प्रश्न त्यातून उभा राहिला, आणि त्याचे आपल्या शासनव्यवस्थेला सुचलेले उत्तर म्हणजे बंधपत्र.

बंधपत्रामागचा युक्तिवाद सरळ आहे. जनतेच्या पैशावर शिकलात, तेव्हा काही काळ जनतेची सेवा करा, नाहीतर पैसे भरा. तत्त्वतः यात गैर काही नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट 2019 मध्ये राज्यांच्या बंधपत्रांना वैध ठरवले. अडचण व्यवहारात आहे. दंडाची रक्कम ठरवली की तिची किंमत होते. रक्कम लहान असेल तर श्रीमंत पालक ती फीचाच एक भाग धरून चालतात. वाढवावी, तर ती फक्त गरिबाला बांधते. महाराष्ट्रात ती पदवीसाठी 10 लाख, पदव्युत्तरसाठी 50 लाख, अतिविशेष शिक्षणासाठी 2 कोटी अशी चढत गेली. शिवाय अठराव्या वर्षी प्रवेशाच्या रांगेत उभे राहून केलेली सही ही निवड नव्हे. आपण पुढे कोण होणार, कोणाशी संसार करणार, आईवडील कोणाजवळ राहणार, यांतले काहीही त्या वयात ठाऊक नसते.

हाच धडा अमेरिकेने आपल्याआधी गिरवला आहे. 1970 च्या अखेरीस तेथे एक कायदा होऊन 'नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर' ही यंत्रणा जन्माला आली. (सिनेटर मॅग्नसन यांच्या कार्यालयातील एरिक रेडमन या तरुण सहायकाने हे विधेयक कसे मंजूर झाले यावर पुस्तक लिहिले आहे, कायदा कसा घडतो याविषयी प्रशासकाने वाचावे असे ते आहे.) सुरुवातीला डॉक्टर सहज मिळाले. त्याचे कारण सेवाभाव हे एकच नव्हते. तेव्हा व्हिएतनाम युद्ध चालू होते, आणि तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेत घालवलेला काळ सैन्यभरतीच्या सक्तीपोटी धरला जाई. 1973 मध्ये ती सक्ती संपली आणि हा स्रोत आटला. मग भर आला शिष्यवृत्तीवर: सरकार शिक्षणाचा खर्च करील, विद्यार्थ्याने नंतर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात सेवा द्यावी. 1976 च्या कायद्याने करार मोडणाऱ्यावर घेतलेल्या रकमेच्या तिप्पट भरपाई, वर व्याज, असा दंड बसवला. नाव शिष्यवृत्तीचे असले तरी गाभा बंधपत्राचाच होता.

परिणामही ओळखीचे निघाले. काहींनी दंडाचे खटले ओढवून घेतले; अनेकांनी मुदत भरली आणि दुसऱ्या दिवशी गाव सोडले. डोनाल्ड पाथमन आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की, करारबद्ध डॉक्टर मूळ गावी टिकण्याचे प्रमाण इतर ग्रामीण डॉक्टरांपेक्षा बरेच कमी होते. मधल्या काळात, 1980 साली, एका सरकारी समितीने 1990 पर्यंत देशात सत्तर हजार डॉक्टर जास्त होतील असे भाकीत केले, आणि आता डॉक्टर आपोआप खेड्याकडे झिरपतील या समजुतीने शिष्यवृत्त्यांना कात्री लागली. ते झिरपले नाहीत.

1987 मध्ये अमेरिकी संसदेने क्रम उलटा केला. शिक्षण संपलेल्या, परवाना हाती असलेल्या डॉक्टरला सरकारने म्हटले: तुमच्यावर बँकेचे कर्ज आहे, टंचाईच्या भागात किमान दोन वर्षे काम करा, आम्ही ते फेडतो. वरवर पाहता शिष्यवृत्ती आणि कर्जफेड यांत पैशाचा फरक नाही, पैसा आज दिला काय आणि उद्या दिला काय. फरक माहितीचा आहे. कर्जफेडीचा करार करणारा डॉक्टर तिशीच्या उंबरठ्यावर असतो. आपली विद्याशाखा, जोडीदार, गाव, रुग्णालय हे सारे त्याने पाहिलेले असते. ज्याला खेडे नको आहे तो या दारात येतच नाही, म्हणून त्याच्यामागे वसुलीला धावावे लागत नाही. पाथमन यांच्याच 2004 च्या अभ्यासात, अमेरिकी राज्यांच्या विविध योजनांपैकी कर्जफेड आणि थेट प्रोत्साहन यांतील डॉक्टरांनी शिष्यवृत्तीवाल्यांपेक्षा करार अधिक प्रमाणात पाळले आणि ते अधिक टिकले, असे आढळले. अर्थात मुळात इच्छा असणारेच आले, म्हणून टिकले, हा आक्षेप खरा आहे. पण प्रशासनाच्या दृष्टीने इच्छा असणारा माणूस हुडकून काढणे हेच निम्मे काम नाही का?

एक तपशील लेखाशाखेतल्या मंडळींसाठी. सुरुवातीला ही कर्जफेड त्या डॉक्टरचे करपात्र उत्पन्न धरली जाई, म्हणून सरकार करापोटी 39 टक्के रक्कम वेगळी देत असे. म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात घालणे. 2004 च्या कायद्याने ती करमुक्त झाली आणि त्याच तरतुदीत अधिक डॉक्टर बसू लागले.

आता आपल्याकडचे चित्र पाहू. बहुतेक राज्यांत बंधपत्र आहे ते मुख्यतः शासकीय महाविद्यालयांत, जेथे फी कमी आणि म्हणून कर्जही कमी. कर्ज आहे ते खासगी महाविद्यालयांत, जेथे बंधपत्र सहसा नाही. सारा धाक आपण कर्ज नसलेल्यांवर रचला आणि कर्जाच्या रूपाने हाती आलेला दोर सोडून दिला. शैक्षणिक कर्जावर शासन खर्च करीत नाही असेही नव्हे. 2009 ची केंद्रीय व्याज-अनुदान योजना साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी होती. 2024 मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी आली. दोन्हींत विचारले जाते ते कुटुंबाचे उत्पन्न. शिकल्यावर कोठे काम करणार हे कोणी विचारत नाही. प्राप्तिकर कायद्याच्या कलम 80-ई चा नमुना तर मासलेवाईक होता. जुन्या कररचनेत या कलमाखाली शैक्षणिक कर्जाचे व्याज उत्पन्नातून वजा होई. वर्षाला एक लाख व्याज भरणाऱ्या दोघा डॉक्टरांपैकी शहरातला, तीस टक्क्यांच्या टप्प्यातला, सुमारे तीस हजार रुपये वाचवी. पाच टक्क्यांच्या टप्प्यातला पाच हजार. कमाई जितकी मोठी तितकी कर्जफेडीला सरकारची मदत मोठी! असे कोणी हेतुपुरस्सर ठरवले नसेल, पण हिशेब तसाच होतो.

टंचाई नेमकी कोठे आहे तेही पाहिले पाहिजे. ग्रामीण आरोग्य सांख्यिकीच्या 2021-22 च्या अहवालानुसार प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांची तूट देशपातळीवर फार मोठी नव्हती; सामुदायिक आरोग्य केंद्रांत मात्र शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ या चौघांची मिळून तूट जवळपास ऐंशी टक्के होती. एम.बी.बी.एस.च्या बंधपत्राने ही जागा भरणारी नाही. येथे हवा आहे तो पदव्युत्तर शिकलेला माणूस, आणि खासगी महाविद्यालयातून आलेल्या अशा माणसावर मोठे कर्ज असण्याचा संभव अधिक. समजा 50 लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत. मासिक हप्ता सुमारे 66 हजार. दोन वर्षांचे हप्ते शासनाने भरले तर खर्च होतो सुमारे 15 लाख 86 हजार रुपये. एका तालुक्याला दोन वर्षे बालरोगतज्ज्ञ मिळण्याची ही किंमत जास्त की कमी, हे त्या तालुक्यातल्या आयांना विचारावे.

आक्षेप मला ठाऊक आहेत. निवासस्थान गळके, भूलतज्ज्ञ नाही, शस्त्रक्रियागृह कुलूपबंद, अशा ठिकाणी हप्ता भरून कोण राहील? बरोबर आहे, पैसा छप्पर दुरुस्त करीत नाही. खरी गाठ वेगळीच आहे. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय, बँका केंद्राच्या अखत्यारीत. डॉक्टरच्या हजेरीचा पुरावा जिल्ह्याच्या वहीत, कर्जाचे खाते तिसऱ्याच राज्यातल्या शाखेत. हे तीन कागद एका टेबलावर आणणारा अधिकारी कोण, हे अजून ठरलेले नाही. माझ्या सेवाकाळात अशा प्रस्तावावरचे अभिप्राय मी वाचले आहेत. प्रत्येक विभागाची 'तत्त्वतः सहमती' होती आणि खर्च दुसऱ्या विभागाने करावा अशी सूचनाही.

महाराष्ट्राबाहेर, आणि देशाबाहेर, राहणाऱ्या वाचकांसाठी शेवटी एक गोष्ट. अमेरिकेत जे-1 व्हिसावर प्रशिक्षण घेतलेल्या परदेशी डॉक्टरला दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. 1994 पासून कॉनराड यांच्या नावाच्या तरतुदीनुसार ही अट माफ होऊ शकते; बदल्यात तीन वर्षे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करावे लागते. टंचाईचे हे भाग ठरवण्याची पद्धत 'कोअर'च्या गरजेतूनच रुळलेली आहे. कॉनराड हे तेव्हा नॉर्थ डकोटाचे सिनेटर होते. तेथील बर्फाळ खेड्यांत डॉक्टर टिकत नव्हते, ही त्यांची अडचण. या वाटेने गेलेल्यांत भारतीय डॉक्टरांची संख्या मोठी आहे. अशा एका मराठी डॉक्टरशी माझी विमानप्रवासात गाठ पडली. ते मूळचे मराठवाड्यातले; तीन वर्षांच्या मुदतीसाठी एका लहान अमेरिकी गावात गेले आणि अकरा वर्षे राहिले. त्यांच्या मूळ तालुक्यातल्या रुग्णालयात फिजिशियनचे पद तेव्हा रिकामे होते, हे त्यांनीच मला सांगितले.