मोठ्या कलाकाराला आत्मकेंद्री असावंच लागतं का?

एखादा मोठा गायक, लेखक किंवा दिग्दर्शक घरच्यांशी कसा वागला, याचा किस्सा व्हायरल झाला की लगेच दोन तट पडतात. 'एवढा थोर माणूस, पण किती स्वार्थी!' असं एक बाजू म्हणते. 'तसा होता म्हणूनच एवढं काम करू शकला,' असं दुसरी बाजू म्हणते. या दुसऱ्या म्हणण्यात कितपत तथ्य आहे? समजून घेऊया.

ही समजूत आली कुठून?

कलाकार म्हणजे जगावेगळा, कुणाचं न ऐकणारा माणूस, ही प्रतिमा मुख्यतः युरोपातल्या रोमँटिक चळवळीने रुजवली. ही चळवळ १८ व्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. त्याआधी बहुतेक चित्रकार आणि संगीतकार चर्चसाठी किंवा दरबारासाठी ठरलेलं काम करत. योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे २७ वर्षं, जर्मनीतल्या लाइपझिग शहरात चर्चच्या संगीताची नोकरी करत होते. मुलांना गाणं शिकवणं हाही त्या नोकरीचाच भाग होता. आज थोर मानलं जाणारं त्यांचं बरंचसं संगीत या रोजच्या कामातूनच आलं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण: गोगँ

पॉल गोगँ पॅरिसमध्ये शेअर दलालीच्या धंद्यात होते. १८८२ मध्ये तिथला शेअर बाजार कोसळला आणि त्यानंतर त्यांनी पूर्ण वेळ चित्रकलेला द्यायचं ठरवलं. पत्नी मेट आणि पाच मुलं मागे राहिली. मेट यांनी कोपनहेगनमध्ये फ्रेंचच्या शिकवण्या घेऊन आणि भाषांतरं करून घर चालवलं. गोगँ १८९१ मध्ये ताहिती बेटावर गेले. तिथे त्यांनी अगदी कोवळ्या वयाच्या मुलींना 'पत्नी' म्हणून ठेवलं. तिथेच त्यांनी आपली सर्वांत प्रसिद्ध चित्रंही काढली.

गोगँच्या आयुष्यावर बेतलेली सॉमरसेट मॉम यांची 'द मून अँड सिक्सपेन्स' ही कादंबरी १९१९ मध्ये आली आणि घर सोडणारा कलाकार लोकांच्या मनात पक्का बसला.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये याच उदाहरणावरून एक अडचणीचा प्रश्न मांडला. घर सोडताना आपण यशस्वी होऊ की नाही, हे गोगँना माहीत असणं शक्यच नव्हतं. मग चित्रं फसली असती, तर आपण त्यांना काय म्हणालो असतो? बेजबाबदार नवरा आणि बाप, एवढंच.

इथेच आपल्या हिशोबातली चूक दिसते. घर वाऱ्यावर सोडून निघाले आणि ज्यांच्या हातून काहीच घडलं नाही, अशा लोकांची चरित्रं कुणी लिहीत नाही. आपल्यासमोर फक्त जिंकलेले गोगँ येतात. त्यावरून 'स्वार्थामुळे कला घडली' असा निष्कर्ष काढणं घाईचं आहे.

संशोधन काय सांगतं?

मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी फाइस्ट यांनी १९९८ मध्ये सर्जनशील लोकांच्या स्वभावावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. असे लोक नव्या अनुभवांना जास्त मोकळे असतात, रूढी कमी मानतात, महत्त्वाकांक्षी आणि आत्मविश्वासू असतात, असं त्यात दिसलं. थोडा आक्रमकपणाही आढळला. म्हणजे ही समजूत अगदीच हवेतली नाही.

पण २०१० मध्ये जॅक गोन्सालो आणि सहकाऱ्यांनी आत्मप्रौढी मिरवणाऱ्या लोकांचा अभ्यास केला, तेव्हा वेगळीच गोष्ट समोर आली. या लोकांच्या कल्पना प्रत्यक्षात इतरांपेक्षा सरस नव्हत्या. मात्र ते त्या इतक्या उत्साहाने आणि खात्रीने मांडत, की ऐकणाऱ्यांना त्या सरस वाटत. थोडक्यात, 'मीच भारी' हा तोरा विकायला उपयोगी पडतो, घडवायला नाही.

आत्ममग्न आणि कार्यमग्न

या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. कामात बुडालेला माणूस स्वतःलाही विसरतो. आत्मकेंद्री माणूस फक्त इतरांना विसरतो.

रशियन लेखक अंतोन चेखव शिकत असल्यापासून विनोदी कथा लिहून आईवडील आणि भावंडांना पोसत होते. ते डॉक्टरही होते. मेलिखोवो या गावी राहायला गेल्यावर त्यांनी शेतकऱ्यांवर उपचार केले, कॉलऱ्याच्या साथीत काम केलं, शाळा बांधल्या.

अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन घटस्फोटानंतर दोन मुलांना एकटीने वाढवत होत्या आणि प्रकाशनसंस्थेत संपादकाची नोकरीही करत होत्या. मुलं उठायच्या आत, पहाटे त्या लिहायला बसत. १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आणि आपल्या बहिणाबाई चौधरी! खानदेशातल्या शेतकरी बाई, लिहिता-वाचता येत नव्हतं, ऐन तिशीत वैधव्य आलेलं. जात्यावर आणि शेतात काम करता करता त्यांनी गाणी रचली. मुलगा, कवी सोपानदेव आणि घरच्यांनी ती लिहून घेतली, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली.

मग कलेला नेमकं काय लागतं?

वेळ आणि एकांत. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्येच सांगितलं होतं की, लिहायचं तर बाईकडे स्वतःचे पैसे आणि स्वतःची खोली हवी. खरा प्रश्न असा, की हा वेळ कुणाच्या वाट्यातून येतो?

टॉलस्टॉय यांना १३ मुलं झाली. संसार सांभाळून पत्नी सोफिया 'युद्ध आणि शांती'ची हस्तलिखितं पुन्हा पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून देत. मराठीत सुनीताबाई देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आलं, तेव्हा लाडक्या पुलंच्या घराचा आणि व्यवहाराचा भार कुणी उचलला होता, हे वाचकांना कळलं. त्या पुस्तकात प्रेम आहे आणि तक्रारही. काहींना मात्र तक्रारच बोचली.

आता गोगँच्या जागी पाच मुलांना सोडून बेटावर गेलेली चित्रकर्ती ठेवून बघा. तिच्या 'कलेच्या वेडा'चं आपण इतकं कौतुक केलं असतं का?

थोडक्यात

दार बंद करून तासन्‌तास काम करणं, आमंत्रणं नाकारणं, ठरलेल्या वेळी फोन न उचलणं, ही कलेची गरज आहे. ते घरच्यांशी बोलून, वेळ वाटून घेऊनही जमतं. फसवणूक, छळ किंवा जबाबदारी टाकून पळणं ही कलेची गरज नाही. कलाकाराच्या हातून असं घडलं असेल, तर चित्र चांगलं आणि वागणं वाईट, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. एकासाठी दुसरं माफ करावंच लागतं, असं नाही.