क्रीडांगण व उद्यानांचे आरक्षण (महाराष्ट्र)

क्रीडांगण व उद्यानांचे आरक्षण म्हणजे शहराच्या विकास योजनेत खेळ, बगीचा आणि मोकळ्या हवेसाठी विशिष्ट जमीन राखून ठेवणे. महाराष्ट्रात हे आरक्षण मुख्यतः महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये केले जाते. नकाशावर आरक्षण पडले की जागा सार्वजनिक झाली, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात संपादन होईपर्यंत जमीन मूळ मालकाचीच राहते.

कायदेशीर पार्श्वभूमी

७४व्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बगीचे व क्रीडांगणे या नागरी सुविधांचा समावेश आहे. मात्र नगरपरिषदांना लागू असलेल्या १९६५च्या अधिनियमात सार्वजनिक उद्याने ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. पाणीपुरवठा व सफाईप्रमाणे ती आवश्यक कर्तव्ये नाहीत. बारामती, इंदापूर यांसारख्या नगरपरिषदांच्या शहरांत मोकळ्या जागेचे भवितव्य त्यामुळे बरेचसे आरक्षणावर अवलंबून राहते.

आरक्षण व्यपगत होणे

१९६६च्या अधिनियमाचे कलम १२७ या विषयातील सर्वांत महत्त्वाची तरतूद होय. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित न झाल्यास मालक नियोजन प्राधिकरणाला सूचना देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादन झाले नाही, किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. (मुदत टळल्याने संपुष्टात येणे, असा या शासकीय शब्दाचा अर्थ.) मग लगतच्या जमिनीवर जे बांधकाम अनुज्ञेय असेल ते तेथेही करता येते. सूचनेनंतरची मुदत मूळ कायद्यात ६ महिने होती. ती पुढे १२ महिने व २०१५च्या दुरुस्तीने २४ महिने झाली.

'पावले' कशाला म्हणावे, यावर बरेच वाद झाले. गिरनार ट्रेडर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००७) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संपादनाचा प्रस्ताव पाठवणे पुरेसे मानले नाही. लहान नगरपरिषदेपाशी मोबदल्याचा पैसा क्वचितच असतो. म्हणून रोख मोबदल्याऐवजी चटईक्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची सोय कलम १२६मध्ये आहे. तिचा उपयोग जमिनीला मागणी असेल तेथेच होतो, ही तिची मर्यादा.

याउलट, प्रशासनच उद्यानाची जागा अन्य कामाला देऊ लागले तर रहिवाशांना न्यायालयात जाता येते. बंगळूरू मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा (१९९१) या खटल्यात उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला.

अभिन्यासातील मोकळी जागा

ही जागा आरक्षणाहून वेगळी आहे. २०२०च्या एकात्मिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या अभिन्यासात साधारणतः १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. प्लॉट घेणाऱ्याने मंजूर नकाशात ती जागा पाहून घ्यावी. विक्रीच्या जाहिरातीतील हिरवा रंग हा पुरावा नव्हे.

नदी, कालवा व अभयारण्य

बारामतीतून कऱ्हा नदी आणि नीरा डावा कालवा वाहतो. नदी व निळी पूररेषा यांमध्ये पक्क्या बांधकामास मनाई असली, तरी बगीचा किंवा हिरवळ यांसारखा खुला वापर नियमावलीत अनुज्ञेय आहे. कालव्याची जमीन जलसंपदा विभागाची असल्याने काठावर फिरण्याचा मार्ग करायचा झाल्यास त्या विभागाची संमती लागते. झाडे तोडण्यासाठी १९७५च्या नागरी क्षेत्र वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक असते, मग झाड उद्यानातले का असेना.

बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य चिंकारा हरणांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे सहलीला जाणाऱ्यांना नगररचनेचे नव्हे, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२चे नियम लागू होतात: प्रवेशासाठी परवाना लागतो आणि आग लावणे हा गुन्हा ठरतो.