कुदळीखालचा इतिहास

बेलापूरकरांना प्रवरा परकी नाही. तिच्याच काठी, आपल्या श्रीरामपूर तालुक्यात, दायमाबाद आहे. १९५८ साली बोपर्डीकरांनी तेथील टेकाड ओळखले. त्यानंतर देशपांडे आणि पुढे १९७४ ते १९७९ या काळात राव व साळी यांनी तेथे उत्खनन केले.

पण दायमाबादचे नाव सर्वदूर झाले ते छबू लक्ष्मण भिल यांच्या हाताने. १९७४ मध्ये झुडपाच्या बुंध्याशी खणताना त्यांना चार ब्राँझच्या जिनसा सापडल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोंहून अधिक! राजांची नावे ताम्रपटांवर राहतात, मजुराचे क्वचितच राहते. येथे ते राहिले, याचे आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना मोल वाटते.

मात्र या जिनसा शास्त्रीय उत्खननात मिळाल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाविषयी वाद झाला. कोणी त्या उत्तर-हडप्पाकालीन मानल्या. मिश्रधातूतील आर्सेनिक पाहून कोणी शंका घेतली. जिनसेइतकीच भोवतालची मातीही साक्षीदार असते.

म्हणून श्रोतेहो, परसात आळे खणताना काळ्या नक्षीचे तांबडे खापर दिसले, तर कुदळ थांबवावी. जागा न हलवता सरकारी पुरातत्त्व खात्यास कळवावे. खणणाऱ्याने थांबणे, हीही इतिहासाची सेवाच आहे.