कॅलिफोर्नियात घराचे नूतनीकरण : विश्वासू कंत्राटदार कसा निवडावा?

स्वयंपाकघर मोठे करणे, न्हाणीघर नव्याने बांधणे किंवा भारतातून दीर्घ मुक्कामाला येणाऱ्या आईवडिलांसाठी तळमजल्यावर खोली वाढवणे, अशी कामे कॅलिफोर्नियातील मराठी घरांत वारंवार निघतात. कंत्राटदार मात्र बहुधा ओळखीतूनच निवडला जातो. स्नेह्यांचा चांगला अनुभव ही योग्य सुरुवात आहे; परंतु कंत्राटदाराचा परवाना आज वैध आहे काय, त्याच्या कामगारांचा विमा चालू आहे काय, हे त्या अनुभवावरून कळत नाही. ते कागदपत्रांवरूनच पडताळावे लागते.

परवाना

कॅलिफोर्नियात परवाने देण्याचे काम ‘कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड’ हे राज्य मंडळ करते. मजुरी व साहित्य मिळून १,००० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेचे, अथवा बांधकाम परवानगी लागणारे काम परवान्याशिवाय घेता येत नाही. २०२४ अखेरपर्यंत ही मर्यादा ५०० डॉलर होती. मंडळाच्या संकेतस्थळावर परवाना क्रमांक टाकल्यास परवान्याची सद्यःस्थिती, वर्ग, विमा आणि झालेली शिस्तभंगाची कारवाई विनामूल्य पाहता येते. करारावरील नाव व परवान्यावरील नाव एकच आहे, याची खात्री करावी.

परवान्याचा वर्गही महत्त्वाचा आहे. ‘बी’ हा सर्वसाधारण बांधकामाचा, ‘बी-२’ निवासी नूतनीकरणाचा, ‘सी-१०’ विजेच्या आणि ‘सी-३६’ नळकामाचा वर्ग आहे. ‘बी-२’ परवानाधारकाला भारवाहक भिंतींत फेरफार करता येत नाही. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमधली भिंत काढायची असल्यास हा भेद निर्णायक ठरतो.

हमी व विमा

२०२३ पासून प्रत्येक परवानाधारकाला २५,००० डॉलरचे हमीपत्र ठेवावे लागते. ही रक्कम सर्व तक्रारदारांत मिळून असते. ती केवळ आपल्या कामाची हमी नव्हे. नुकसानभरपाईच्या सर्वसाधारण विम्याची सक्ती बहुतेक कंत्राटदारांवर नाही, म्हणून त्याचे प्रमाणपत्र थेट विमा कंपनीकडून मागवावे. ‘माझ्याकडे कामगार नाहीत’ असे मंडळाला लिहून देणारा कंत्राटदार चार माणसे घेऊन कामावर आला, तर सावध व्हावे. विमा नसलेला कामगार जखमी झाल्यास त्याची जबाबदारी घरमालकावर येऊ शकते.

पैसे

भारतात कंत्राटदाराला साहित्यासाठी मोठी उचल देण्याची आपल्याला सवय असते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आगाऊ रक्कम कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी कमी असेल तेवढीच घेता येते. ६०,००० डॉलरच्या स्वयंपाकघराचे १० टक्के ६,००० होतात. तरीही आगाऊ द्यायचे ते १,०००च. विशेष हमीपत्र असलेले मोजके कंत्राटदार याला अपवाद आहेत, आणि तशी नोंद मंडळाकडे असते. पुढचे हप्तेही झालेल्या कामाच्या आणि आलेल्या साहित्याच्या मूल्याहून अधिक असू नयेत.

घरावरील बोजा

सर्वांत मोठा धोका अनेकांना ठाऊक नसतो. मुख्य कंत्राटदाराला आपण पूर्ण पैसे दिले, पण त्याने उपकंत्राटदाराचे किंवा साहित्य विक्रेत्याचे पैसे थकवले, तर ते आपल्या घरावर ‘मेकॅनिक्स लीन’ म्हणजे बोजा नोंदवू शकतात. तो फेडण्यासाठी तेच पैसे दुसऱ्यांदा देण्याची वेळ येऊ शकते. काम चालू असताना टपालाने येणारी ‘प्रिलिमिनरी नोटीस’ हा कोणावरचा आरोप नसतो. आपल्या घरावर बोजाचा हक्क कोणाला पोहोचू शकतो, हे ती सांगते. ती जपून ठेवावी. प्रत्येक हप्ता देताना त्या व्यक्तींकडून सशर्त आणि पैसे पोहोचल्यावर बिनशर्त हक्कत्यागपत्र घ्यावे.

करार

करार लेखी असावा. त्यात साहित्याचा तपशील, हप्त्यांचे वेळापत्रक, आरंभ व समाप्तीच्या तारखा असाव्यात. सर्वसाधारणपणे करार रद्द करण्यास कामकाजाचे तीन दिवस मिळतात. ६५ वर्षे व त्यापुढील व्यक्तींना पाच. मध्येच सुचलेला बदलही काम सुरू होण्यापूर्वी कागदावर यावा. बांधकाम परवानगी स्वतःच्या नावाने काढण्यास सुचवणाऱ्या कंत्राटदारापासून दूर राहावे, कारण त्यामुळे कामाची जबाबदारी आपल्याकडे येते. अखेरचा हप्ता अंतिम तपासणीनंतरच द्यावा.

हे नियम कॅलिफोर्नियापुरते आहेत. टेक्सासमध्ये सर्वसाधारण कंत्राटदाराला राज्याचा परवानाच लागत नाही, तर न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या कंत्राटदारांना नोंदणी करावी लागते. आपल्या राज्याचे नियम आधी पाहावेत.

ओळखीच्या माणसाकडे कागद मागताना संकोच वाटतो. परंतु चोख काम करणाऱ्या कंत्राटदाराला हे प्रश्न नवे नसतात. त्याची कागदपत्रे तयार असतात. प्रश्न विचारताच जो नाराज होतो, त्याच्या हाती घर न सोपवलेलेच बरे.