हेराचे मुख आणि राजाचे मुख

नट बदलला तरी भूमिका टिकते, हे मराठी प्रेक्षकास कोणी शिकवावयास नको. गणपतराव जोशी गेल्यावरही हॅम्लेट रंगभूमीवर आला, आणि बालगंधर्वांनंतरही सिंधूने जात्यावर दळले. चित्रपटाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे नटाचा चेहरा हातभर अंतरावरून दिसतो, तो फितीवर कायमचा राहतो, आणि नवा नट उभा राहिला की जुना त्याच्या शेजारी येऊन बसतोच.

इंग्रजांनी ही अडचण जेम्स बाँड या हेराच्या बाबतीत मोठ्या व्यवहारचातुर्याने सोडविली. १९६२ च्या 'डॉक्टर नो'पासून २०२१ पर्यंत त्या मालिकेत पंचवीस चित्रपट निघाले आणि सहा नट झाले. शॉन कॉनरीनंतर १९६९ साली आलेला जॉर्ज लेझन्बी एका चित्रपटापुरताच टिकला. रॉजर मूर मात्र सात चित्रपट करून सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत बंदूक रोखीत राहिला. शेवटी २००६ साली डॅनिएल क्रेगला घेऊन मालिकाकारांनी हेराच्या नोकरीचा आरंभच पुन्हा दाखविला. क्रमांक, संगीत, पेहराव, बोलण्यातील थंड मिस्कीलपणा, एवढा साचा कायम ठेवला की आत कोणास बसवावे हा प्रश्न सुटण्याजोगा होतो.

आपल्याकडे याच्या जवळपास जाणारे उदाहरण म्हणजे दिग्पाल लांजेकर यांची शिवकालीन चित्रपटमाला. 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' व 'शेर शिवराज' (दोन्ही २०२२) आणि 'सुभेदार' (२०२३) हे तिचे पहिले पाच भाग. नायक कधी कोंडाजी, कधी बाजीप्रभू, कधी तानाजी. परंतु बातमी काढणे, वेष पालटणे, शत्रूच्या गोटात शिरणे हा धागा त्यांतून सारखा फिरतो, आणि त्या धाग्याचे टोक बहिर्जी नाईकाच्या हाती असते.

या मालेतील काळाचा क्रम मोठा मौजेचा आहे. 'फर्जंद' १६७३ च्या पन्हाळ्याचा. 'फत्तेशिकस्त' १६६३ च्या लाल महालाचा. 'पावनखिंड' १६६० चा. 'शेर शिवराज' १६५९ चा. आणि मग 'सुभेदार' एकदम १६७० च्या सिंहगडावर येतो. म्हणजे चित्रपट पुढे जात असता पहिल्या चार भागांत इतिहास मागे मागे जातो. महाराज पहिल्या भागात त्रेचाळीस वर्षांचे, दुसऱ्यात तेहतिसांचे, चौथ्यात एकोणतिसांचे; आणि या सर्व वयांना मुख एकच, चिन्मय मांडलेकरांचे. बहिर्जीचे मुख मात्र बदलले. 'फर्जंद'मध्ये ते प्रसाद ओक यांचे होते, 'फत्तेशिकस्त'मध्ये हरीश दुधाडे यांचे झाले, आणि पुढे खुद्द लांजेकरांनीच ती भूमिका अंगावर घेतली. प्रेक्षकांनी त्याबद्दल कुरकूर केल्याचे माझ्या कानी आले नाही. ज्याने ओळखू येऊ नये हाच ज्याचा धंदा, तो दर खेपेस निराळा दिसला तर बिघडले कोठे?

राजाचे तसे नाही. भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या 'छत्रपति शिवाजी'त चंद्रकांत मांडरे यांनी ही भूमिका केली, पुढे त्यांचे बंधू सूर्यकांत यांनी केली, आणि २०२० च्या 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटात शरद केळकर यांनी. प्रत्येकाने दाढी, जिरेटोप आणि गरुडासारखे नाक यांनी आखून दिलेल्या रेषेच्या आतच उभे राहावयाचे. कारण महाराजांची जुनी चित्रे घराघरांतील भिंतीवर आहेत आणि प्रेक्षक नटास त्यांच्याशी ताडून पाहतो. येथवर बाँडच्या साच्यासारखेच झाले. परंतु बाँडचा साचा संध्याकाळी उतरवून ठेवता येतो. हा उतरवू दिला जात नाही. एप्रिल २०२४ मध्ये मुलाच्या नावावरून स्वतःवर व कुटुंबावर झालेल्या गलिच्छ टीकेनंतर मांडलेकरांनी ही भूमिका यापुढे न करण्याचे जाहीर केले. पाच-सहा वर्षे ज्याला पाहून लोक हात जोडीत, त्याच्या घरातील पाळण्याची झडती घ्यावयास काही लोकांना लाज वाटली नाही. भक्तीचे हे रूप मला तरी भक्तीचे वाटत नाही.

आमचे वटार अर्नाळ्याच्या जलदुर्गापासून फार दूर नाही. किल्ल्यांचे नाव काढताच येथील मुले कान टवकारतात. इतिहासाच्या वर्गात ती विचारतात की, बहिर्जी खरा कसा होता? चित्रपटातील तिन्ही चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढे असतात. खऱ्या चेहऱ्याचे विश्वसनीय चित्र उपलब्ध नाही, हे ऐकून त्यांची निराशा होते. मला ती मोठी संधी वाटते. ज्या पात्रास चित्राचे बंधन नाही, त्याच्या बाबतीत दिग्दर्शकाने अधिक धाडस करावयास हवे होते. या मालेने बहिर्जीस वेषांतरे दिली, चटपटीत संवाद दिले. पण हेराची खरी विद्या, म्हणजे वाटा, अंतरे, माणसे आणि वेळ यांचा हिशेब, तिला पुरेसा अवकाश दिला नाही.

वास्तविक सामग्री हाताशी होती. राजारामाच्या कारकीर्दीत जिंजीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत बहिर्जीचे नाव थोडेच, पण नेमक्या जागी येते. सुरतेच्या संपत्तीची खबर आणणारा तो. आणि १६७९ साली जालन्याच्या लुटीनंतर मोगली फौजेने गाठले असता वाट काढणारा तोच. सिदोजी निंबाळकर पडला होता, लुटीचे ओझे बरोबर होते, शत्रू पाठीवर होता. त्या प्रसंगी बहिर्जीने थकल्या सैन्यास अनोळखी मार्गाने, रात्रीचा दिवस करून, तीन दिवसांत पट्टा किल्ल्याखाली सुखरूप आणून सोडले. यात वेषांतर नाही, तलवारीचा खणखणाट नाही. अंधारात पुढे चालणारा एक मनुष्य आणि त्याच्या भरवशावर मागून येणारा राजा, एवढेच आहे. वरील पाच भागांत या प्रसंगाचा चित्रपट नाही. महाराजांनी पट्ट्यावर काही दिवस विसावा घेतला, आणि त्या गडाचे नाव विश्रामगड पडले.