‘मोट बांधणे’ यातली मोट नक्की कोणती?

निवडणूक जवळ आली की बातम्यांत हमखास वाचायला मिळतं, ‘विरोधकांची मोट बांधली’. मोट म्हटलं की अनेकांना विहिरीवरची मोट आठवते. पण पाणी काढायची मोट ‘बांधत’ नाहीत, ती हाकतात. मग हा वाक्प्रचार आला कुठून?

मोट म्हणजे गाठोडं

मराठीत ‘मोट’ शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ गाठोडं किंवा भारा. लहान गाठोड्याला ‘मोटली’, ‘मोटळं’ म्हणतात. हिंदीत ‘मोटरी’, कन्नडमध्ये ‘मूटे’ आणि तमिळमध्ये ‘मूट्टै’ हे शब्दही गाठोडं याच अर्थाने आहेत. सुटी लाकडं किंवा कपडे एकत्र आवळून मोट बांधली जाते. विखुरलेल्या लोकांना एकत्र आणणं हा अर्थ इथूनच आला.

मोट म्हणजे पाण्याची पिशवी

दुसरा अर्थ विहिरीतून पाणी उपसायची चामड्याची मोठी पिशवी. तिला वर रुंद तोंड आणि खाली सोंड असते. तोंडाला जाड दोर म्हणजे नाडा, तर सोंडेला बारीक दोर बांधतात. मोट वर येताना सोंड दुमडलेली राहते, म्हणून पाणी सांडत नाही. काठावर आली की बारीक दोर सोंड पुढे ओढतो आणि पाणी थारोळ्यात पडून पाटाने शेतात जातं. बैल उताराच्या ‘धावे’वरून खाली जात मोट ओढतात आणि मागे सरकत पुन्हा वर येतात. त्यांना हाकणारा तो ‘मोटकरी’.

मोटेवर मोजलेली शेती

विहिरीची ताकदही मोटांवर ठरे. एकावेळी किती मोटा चालतात, त्यावरून एकमोटी, दुमोटी विहीर म्हणत. साताऱ्याजवळच्या लिंब गावात 1719 ते 1724 या काळात बांधलेली बारा मोटेची विहीर आजही पाहता येते. मोटेच्या पाण्यावर भिजणारी जमीन ‘मोटस्थळ’ आणि पाटाच्या पाण्यावरची ‘पाटस्थळ’.

डिझेल इंजिनं आणि विजेचे पंप आले, तशा विहिरीवरच्या मोटा थांबल्या. त्यांच्यासोबत धाव, थारोळं, मोटकरी हे शब्दही बोलण्यातून गेले. गाठोड्याची मोट मात्र राजकारणाने जिवंत ठेवली आहे.